बाटलीवर उणे २०, नोझलमध्ये बर्फ: एका गोठलेल्या वॉशरचं प्रकरण

गाडी साधी हॅचबॅक, काही वर्षं वापरलेली, रात्री उघड्यावर उभी राहणारी. काच धुणाऱ्या वॉशरची टाकी सुमारे चार लिटरची, पुढच्या चाकाच्या बाजूला फेंडरच्या आत बसवलेली. पुढच्या काचेसाठी बॉनेटवर दोन नोझल, मागच्या काचेसाठी एक, आणि तिन्हींना पुरवठा करणारा पंप एकच. एका दिशेने फिरला की पाणी पुढे, उलट फिरला की मागे. उन्हाळाभर टाकीत साधं पाणी आणि त्यात थोडा काच धुण्याचा साबण, एवढंच होतं.

थंडीचा अंदाज आला तशी मालकाने हिवाळी वॉशर फ्लुइडची बाटली आणली, टाकीत मावलं तेवढं ओतलं आणि झाकण लावलं. बाटलीवर उणे २० अंश लिहिलेलं. रात्री पारा उणे १३ च्या आसपास जाणार होता. म्हणजे सात अंशांचा वाव आहे, काळजी मिटली, असा त्याचा हिशेब. तो वरवर पाहता चुकीचा नाही. असा हिशेब करणारे पुष्कळ असतात, म्हणूनच हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

सकाळी त्याने स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढली. पंपाची घरघर ऐकू आली, वायपर दोनदा फिरले, पण काचेवर थेंब नाही. काच तशी स्वच्छ होती आणि उशीर झाला होता, म्हणून तो तसाच निघाला.

हमरस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं होतं. पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा खारट चिखल काचेवर बसत गेला आणि कोरड्या वायपरने तो पुसला न जाता नुसता पसरला. त्यात सूर्य समोरून, खाली. मिठाचा असा थर सावलीत फारसा जाणवत नाही. ऊन समोरून आलं की सगळी काच पांढरी होते. इंजिन चांगलं तापल्यावर एका नोझलमधून थेंब ठिबकायला लागले, मग दुसऱ्यातूनही अर्धवट धार आली. सुटलो, असं वाटून त्याने दांडी ओढून धरली. द्रव काचेवर पडलं, वायपरने ते एकदा पसरवलं आणि परतीच्या फेरीपर्यंत काच दुधाळ झालेली. खाली डॅशबोर्डलगत, जिथे ब्लोअरची गरम हवा लागत होती, तिथे जेमतेम बोटभर पट्टी मोकळी राहिली. मान खाली घालून त्या पट्टीतून बघत, चारही इंडिकेटर लावून, त्याने गाडी कडेला घेतली.

संध्याकाळी त्याने नोझलवर कोमट पाणी ओतलं. ते ओघळून वायपरच्या बुडाशी साठलं आणि रात्रीत तिथेच गोठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायपरही काचेला चिकटलेले. ते सोडवून त्याने पुन्हा दांडी ओढली, या वेळी बराच वेळ. घरघर मंद झाली आणि बंद पडली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, “पण बाटलीवर उणे २० लिहिलंय की!”

आवाज काय सांगतो

वॉशर चालत नाही म्हटल्यावर बॉनेट उघडण्याआधी कान लावावा. दांडी ओढल्यावर घरघर येते पण पाणी येत नाही, तर पंपाला वीज मिळते आहे आणि मोटर फिरते आहे. अडथळा नळीत किंवा नोझलमध्ये आहे, नाहीतर टाकीच रिकामी आहे. घरघरच नाही, तर फ्यूज उडाला आहे, पंप जाम झाला आहे किंवा जोडणीत बिघाड आहे. या गाडीने दोन दिवसांत दोन्ही अवस्था दाखवल्या. पहिल्या सकाळी फक्त वरची वाट बंद होती. दुसऱ्या सकाळपर्यंत बर्फाचे कण खाली पंपापर्यंत पोचले होते.

पंप म्हणजे बारा व्होल्टची छोटी मोटर आणि तिच्या टोकाला पाणी ढकलणारी प्लास्टिकची पंखुडी. तो थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. पंखुडी बर्फात अडकली की मोटर फिरत नाही, पण वीज खेचत राहते आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खेचते. मग फ्यूज उडतो. तो उडाला हे नशीबच, कारण तो नसता तर मोटर जळली असती. काही गाड्यांत वॉशर आणि वायपर एकाच फ्यूजवर असतात. तिथे गोठलेलं वॉशर दाबून धरण्याच्या नादात वायपरही जातात, आणि मग बर्फ पडत असेल तर गाडी हलवायचीच सोय राहत नाही. म्हणून पाणी येत नाही असं दिसलं की एकदोन सेकंद दाबून सोडून द्यावं. दाबून धरल्याने बर्फ फुटत नाही.

फ्यूज बदलला तो त्याच अँपिअरचा. पुन्हा उडू नये म्हणून मोठा फ्यूज घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीतली वायर मग फ्यूजचं काम करते.

वितळवल्यावर दिसलेलं

गाडी आधी गरम शेडमध्ये उभी केली आणि घाई न करता तशीच सोडली. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन चालू ठेवून तापवणं, पण ते मोकळ्या हवेतच करायचं. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. शिवाय त्याने टाकीला फारसा फायदा होत नाही. बॉनेटखालच्या नळ्या आणि नोझल इंजिनाच्या उष्णतेने सुटतात, पण या गाडीसारखी टाकी फेंडरमध्ये असेल तर तिला बाहेरची थंडीच जास्त लागते. नोझल सुटलं, धार आली, म्हणजे सगळं सुटलं असं समजायचं नाही.

बर्फ वितळल्यावर जमिनीवर पाण्याचा छोटा डाग दिसला. बॉनेटच्या आतल्या अस्तरामागे मुख्य नळीला दोन फाटे फुटतात, तिथला टी-जोड एका बाजूने सुटला होता. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नळीत दोन्हीकडून अडकलेलं पाणी फुगलं की सगळ्यात कच्च्या जागी जोर निघतो. इथे जोड निघाला. टाकी तडकली असती किंवा पंपाचं आवरण फुटलं असतं तर खर्च वाढला असता. जोड परत बसवला, पण नळीचं टोक ताणलं गेलं होतं, म्हणून तेवढं कापून ताज्या भागावर बसवला.

आता मूळ प्रश्न. मालकाचं म्हणणं असं, की बाटलीतलं द्रवच बनावट असणार. असू शकतं, पण ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो. तीन छोट्या पारदर्शक बाटल्या घेतल्या. एकीत विकत आणलेल्या बाटलीत उरलेलं द्रव, दुसरीत टाकीच्या तोंडातून बारीक नळीने काढलेलं, तिसरीत नोझलच्या अगदी खालची नळी सोडून काढलेलं. बर्फ फुगेल म्हणून बाटल्या अर्ध्याच भरल्या, झाकणं घट्ट लावली, वर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खाण्याच्या वस्तूंपासून दूर, रात्रभर ठेवल्या.

सकाळी पहिली बाटली तिरकी केली की द्रव सहज हलत होतं. निळं, स्वच्छ, एकही कण नाही. दुसरी तिरकी केली की आतला लगदा सावकाश, ढेकळासारखा सरकत होता. बर्फाचे कण पांढरट आणि त्यांच्यामधलं द्रव मात्र आधीपेक्षा गडद निळं. तिसरी उलटी केली तरी काही हललं नाही. रंगहीन, घट्ट बर्फ.

माल खरा होता. गोंधळ बाटली आणि नोझल यांच्यामध्ये झाला होता.

टाकीत नेमकं काय होतं

ओतण्याच्या वेळी टाकीत अंदाजे दीड लिटर जुनं पाणी शिल्लक होतं. वर अडीच लिटर हिवाळी द्रव पडलं. आता हे द्रव इथेनॉलवर बनलेलं, उणे २० ला टिकणारं, म्हणजे वजनाने सुमारे ३० टक्के इथेनॉल आणि बाकी बहुतेक पाणी. चार लिटरमध्ये ते पसरल्यावर प्रमाण उतरतं १९ टक्क्यांच्या आसपास. पाणी आणि इथेनॉलचा गोठणबिंदू १० टक्क्यांना साधारण उणे ४.५, २० टक्क्यांना उणे ११ आणि ३० टक्क्यांना उणे २०.५ असतो. म्हणजे टाकीतलं मिश्रण उणे १० लाच बर्फ धरायला लागणार. पहिल्या १० टक्क्यांना जेमतेम साडेचार अंश मिळतात आणि शेवटच्या १० टक्क्यांना साडेनऊ. पाणी घातलं की सगळ्यात आधी जातो तो हाच मोठा हिस्सा. “पाऊण टाकी चांगली आहे, म्हणजे पाऊण संरक्षण आहे,” हा तर्क इथे लागू पडत नाही.

दुसऱ्या बाटलीतला लगदाही यातूनच कळतो. असं मिश्रण एका ठोक्यात गोठत नाही. आधी त्यातलं पाणी शुद्ध बर्फ होऊन वेगळं पडतं, उरलेल्या द्रवात अल्कोहोल आणि रंग वाढत जातो आणि ते द्रव आणखी थोडी थंडी सोसतं. या मिश्रणाचा उणे १३ ला अंदाजे सहावा हिस्सा बर्फ झाला असेल. टाकीत डोकावलं तर द्रव दिसतं, हलतं, आणि माणूस म्हणतो, गोठलेलं नाही. पण नोझलचं भोक एक मिलिमीटरच्या आसपासचं. ते बंद पडायला पूर्ण गोठलेली टाकी लागत नाही, दोनचार कण पुरतात.

हे झालं नीट मिसळलेल्या टाकीचं. ओतून लगेच गाडी उभी ठेवली तर तितकंही होत नाही. अल्कोहोलचं मिश्रण पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे वरून सावकाश ओतलेलं बरंचसं वरच रेंगाळतं, आणि पंप ओढतो टाकीच्या तळाचं. मालकाने द्रव ओतल्यानंतर गाडी हलवलीच नव्हती.

आणि तिसरी बाटली. टाकीपासून नोझलपर्यंतच्या नळीत नोझलजवळ एक बारीक एकदिशा झडप असते. दांडी ओढताच पाणी यावं, दर वेळी नळी भरण्याची वाट बघावी लागू नये, म्हणून ती नळीतलं पाणी मागे पडू देत नाही. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे सगळ्यात जुनं पाणी सगळ्यात थंड जागी उभं राहतं. निरभ्र रात्री तर बॉनेट आणि काच आकाशाकडे उष्णता टाकत राहतात आणि हवेपेक्षाही दोनचार अंशांनी खाली जातात. पारा शून्याच्या जरा वर असतानाही काचेवर दहिवर गोठलेलं दिसतं ते यामुळेच. टाकीत कितीही उत्तम द्रव ओतलं तरी ते नोझलपर्यंत आणलं नाही तोवर नोझलमध्ये उन्हाळाच भरलेला असतो.

काचेवर काय झालं

हमरस्त्यावरची दुधाळ काच हा याचाच पुढचा भाग. इंजिनाच्या उष्णतेने नळी सुटली तेव्हा आधी बाहेर आलं ते नळीतलं निव्वळ पाणी, आणि ते पडलं उणे १३ च्या काचेवर. त्यामागून टाकीतलं मिश्रण आलं असतं, तरी तेही उणे १० चंच. दोघांनाही गोठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पण समजा टाकी आणि नळी दोन्हींत अस्सल उणे २० चं द्रव असतं, तरी त्या वेगात, गार काचेवर ते गोठण्याची शक्यता होतीच. ही गोष्ट बाटलीवर कुणी छापत नाही. अल्कोहोल पाण्याआधी उडून जातं. काचेवर पातळ थर पसरला आणि त्यावरून वेगाने वारा गेला की अल्कोहोल जातं, जाताना काचेची उष्णता घेऊन जातं, आणि मागे उरतं बहुतांश पाणी. आकडा टाकीतल्या द्रवाचा असतो. काचेवरचा थर काही सेकंदांत दुसरंच मिश्रण झालेला असतो. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा बऱ्यापैकी खालचा आकडा निवडावा. माझा स्वतःचा रिवाज किमान दहा अंशांचा आहे, हमरस्त्यावर रोज जाणाऱ्याने त्याहून जास्त ठेवावा.

यावर द्रवापेक्षा काच गरम करणं जास्त गुणकारी ठरतं. ब्लोअरचा रोख समोरच्या काचेकडे, हवा गरम, आणि काचेच्या वरच्या भागाला आतून हात लावून गारवा गेला आहे याची खात्री झाल्याशिवाय वेगात वॉशर वापरायचं नाही. त्या दिवशी बोटभर पट्टी मोकळी राहिली ती फक्त तेवढी काच तापलेली होती म्हणून. वाटेत वॉशर बंद पडलं तर वेग कमी करावा, पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावं, म्हणजे अंगावर चिखल कमी उडतो, आणि सुरक्षित जागी थांबून काच हाताने पुसावी. हिवाळी द्रव भरलेली छोटी फवाऱ्याची बाटली आणि एक फडकं गाडीच्या आत, डिकीत नव्हे, ठेवलेलं बरं.

गरम पाण्याबद्दल एवढंच: मालक थोडक्यात वाचला. त्याचं पाणी कोमट होतं. उकळतं पाणी थंड काचेवर पडलं तर वरचा थर एकदम प्रसरण पावतो, आतला तसाच राहतो; खड्याने पडलेला बारीकसा टवकाही असेल तर तिथून तडा धावतो. आणि काच वाचली तरी तेच पाणी पुढे बर्फ होणार, जसं त्याच्या वायपरखाली झालं.

दुरुस्ती

टाकी पूर्ण रिकामी केली. पंपावरची नळी काढली की टाकी आपोआप रिती होते, खाली भांडं धरावं. पंप जिथे टाकीत बसतो तिथल्या रबरी वायसरमागे एक जाळी असते. तिच्यावर साबणाचा चिकट साका बसलेला होता, तो धुतला. मग टाकीत थेट वापरायचं, उणे ३० चं द्रव भरलं. दाट द्रव घेतलं असतं तर ते टाकीत न मिसळता बाहेर भांड्यात, लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून भरलं असतं. टाकीत अंदाजाने दोन्ही ओतणं म्हणजे पुन्हा त्याच जागी येणं.

त्यानंतरचं काम लोक करत नाहीत आणि सगळा फरक त्यानेच पडतो. पांढरं फडकं काचेच्या खालच्या भागावर अंथरलं आणि थोडं थोडं थांबत, पंपाला उसंत देत, वॉशर चालवलं. आधी फडकं नुसतं ओलं झालं. मग फिकट निळी छटा. मग एका नोझलखाली नीट निळा डाग आणि दुसऱ्याखाली अजून पाणीच. दोन्हीकडे बाटलीइतकाच निळा रंग उमटेपर्यंत चालवलं. मागच्या काचेची नळी छतातून किंवा फरशीखालून गाडीची सगळी लांबी जाते, तिच्यात पाणीही जास्त असतं. तिथे रंग यायला पुढच्यापेक्षा बराच वेळ लागला. हेडलाइट धुणारी नोझल असतील तर तीही मोजायची.

एका नोझलची धार तिरकी येत होती. एकाच भोकाचं साधं नोझल असेल तर बारीक सुईने हलकेच सरळ करता येतं. पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलच्या आत मात्र द्रव हेलकावणारी खास पोकळी असते. तिच्यात सुई घालून ती बिघडवण्यापेक्षा नोझल काढून धुणं किंवा बदलणं सोपं. बाहेरून बर्फ धरलेल्या नोझलला हेअर ड्रायर चालतो, प्लास्टिकपासून अंतर राखून.

टाकीत इंजिनाचं कूलंट घालू का, असं मालकाने विचारलं. घालू नये. त्यातलं ग्लायकॉल उडून जात नाही; काचेवर तेलकट ओघळ राहतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत काहीच दिसत नाही. ते विषारी आहे, आणि चवीला गोड असल्याने जनावरं चाटतात. मीठ पंप आणि धातूचे भाग खातं. व्हिनेगरने गोठणबिंदू नावापुरता उतरतो. मेथॅनॉल थंडीत उत्तम काम करतं, पण थोडं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. युरोपियन युनियनने २०१८ मधल्या नियमाने सामान्य ग्राहकांना विकायच्या वॉशर फ्लुइडमध्ये त्याचं प्रमाण वजनाच्या ०.६ टक्क्यांपेक्षा खाली आणलं ते याच कारणाने. कुठलंही असो, बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची आणि ज्योतीपासून लांब, अल्कोहोलच ते.

थंडी सरली की पुन्हा साधं पाणी भरू, असं तो म्हणाला, तेव्हा त्यालाही नको म्हटलं. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वॉशरमध्ये फ्लुइड न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्यांमध्ये लीजनेअर्स या न्यूमोनियाचा धोका वाढलेला आढळला होता. उबदार टाकीत साठून राहिलेल्या पाण्यात त्याचे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासात जातात. उन्हाळ्यात उन्हाळी फ्लुइड घालावं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर टाकी भरलेली असली तर वर ओतत न बसता काच धुऊन धुऊन ती संपवावी, मग हिवाळी भरावं.

त्यानंतर आलेल्या उणे १६ च्या रात्रीनंतर पुढची दोन्ही नोझल सकाळी पहिल्या ओढीत चालली. मागचं एक क्षण अडखळलं आणि मग सुटलं. मागच्या नळीत कुठेतरी जुन्या पाण्याचा घोट राहिला असावा. ते आणखी थोडं चालवून घ्यायला मालकाला सांगितलं आहे, फडकं धरून.